न उगवलेल्या दातांची पैसेवारी

नातवंडांना दंतवैद्याकडे नेण्याचे काम हल्ली पुष्कळ घरांत आजी-आजोबांकडे आलेले आहे. मुलगा मिहानमध्ये, सून शाळेत, आणि डॉक्टरांची वेळ मात्र दुपारी चारची. तेव्हा वाचकहो, दवाखान्यात जे सांगितले जाते ते ऐकायला आपणच असतो, आणि संध्याकाळी घरी ते समजावून सांगायलाही आपणच. म्हणून एक गोष्ट जरा विस्ताराने आपल्यापुढे मांडावी असे वाटले. हिरडीच्या आत असलेले, अद्याप कोणीही न पाहिलेले दात किती रुंद असतील, हे तोंडात आलेल्या दातांवरून सांगता येते. पुरते नाही, पण कामापुरते येते. आणि त्या अंदाजावर दुधाची एखादी दाढ ठेवायची की काढायची, हा निर्णय पुष्कळदा अवलंबून असतो.

माझी नात आठ वर्षांची असताना तिच्या खालच्या जबड्यातील उजवीकडची मागची दुधाची दाढ किडली. रात्री ठणका लागे. घरात दोन मते पडली. आमच्या वहिनी वयाने आणि अनुभवाने मोठ्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, दुधाचाच दात तो. आज ना उद्या पडणारच आहे, काढून टाका ना. लेकराला कशाला छळता?" हे मत केवळ वहिनींचे नाही. नागपुरात काय आणि खेड्यात काय, दहांपैकी आठ घरांत हेच ऐकू येते. त्यात माया आहे आणि काटकसरही आहे. पडणाऱ्या दातावर पैसे घालणे म्हणजे पाडायला काढलेल्या घराला रंग देणे, असे वाटणे स्वाभाविकच आहे.

धंतोलीतील ज्या डॉक्टरबाईंकडे आम्ही गेलो, त्यांनी दाढ लगेच काढली नाही, आणि लगेच वाचवायलाही घेतली नाही. त्यांनी आधी मापे घेतली. जबड्याचा ठसा घेऊन प्लास्टरचा साचा केला आणि सोनाराकडे असतो तसा बारीक कॅलिपर घेऊन खालचे पुढचे चार दात एकेक करून मोजले. हे चारही कायमचे दात नुकतेच आलेले होते. मापे आली ५.४, ५.९, ५.९ आणि ५.४ मिलिमीटर. बेरीज २२.६. तिची निम्मी ११.३. त्यात त्यांनी १०.५ मिळवले आणि कागदावर २१.८ हा आकडा लिहून त्याभोवती गोल केला. "खालच्या जबड्यात एका बाजूला सुळा आणि त्यामागच्या दोन उपदाढा यायच्या आहेत. त्या तिघांना मिळून साधारण एवढी जागा लागेल," त्या म्हणाल्या. वरच्या जबड्यासाठी १०.५ऐवजी ११ मिळवायचे. मग आकडा येतो २२.३.

माझी सारी नोकरी महसूल खात्यात गेली. काटोल, सावनेर या तालुक्यांत पैसेवारीच्या वेळी शेताच्या बांधावर उभे राहून काढलेले दिवस त्या कागदाकडे पाहताना आठवले. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गावचे पीक किती आले हे ठरवण्यासाठी सगळे गाव कापून मोजत नाहीत. चांगली, मध्यम आणि हलकी अशी जमीन पाहून काही शेतांत ठराविक मापाचे तुकडे आखतात, तेवढेच कापतात, तोलतात आणि त्यावरून गावाचा हिशेब बांधतात. आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, शेवटी अंतिम. ती पन्नास पैशांच्या खाली गेली की सवलतींची दारे उघडतात. म्हणजे तुकडा छोटा, पण त्यावर संसार अवलंबून. अंदाज करणाराला दोन गोष्टी कळाव्या लागतात. तुकडा कुठला निवडावा आणि तो किती चुकू शकतो. दातांच्या बाबतीत हेच दोन प्रश्न मी डॉक्टरबाईंना विचारले.

पहिल्याचे उत्तर मोठे समजूतदार आहे. खालचे पुढचे चार दातच का? कारण कायमच्या दातांत ते लवकर येतात, सहा ते आठ या वयात. ते मोजायला सोपे असतात. आणि त्यांच्या आकारात फारशी लहर नसते. वरच्या जबड्यातील पुढच्या दोन दातांच्या शेजारचे दात मात्र भारी लहरी. कुणाचे सुपारीच्या खांडाएवढे, कुणाचे निमुळते, कुणाचे मुळी येतच नाहीत. त्यांच्यावर भिस्त ठेवली तर हिशेब कोसळतो. म्हणून वरच्या जबड्याचा अंदाजसुद्धा खालच्याच चार दातांवरून करतात. एकाच माणसाच्या तोंडातले दात एकाच घराण्यातले असल्यासारखे असतात. पुढचे रुंद असले तर मागचेही बहुधा रुंद. या 'बहुधा'मध्येच सगळी गंमत आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकण्याआधी हे सूत्र कुठून आले ते पाहू. तनाका आणि जॉन्स्टन या दोघांनी ते १९७४ साली प्रसिद्ध केले. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे दात सरळ करण्याच्या उपचारांसाठी आलेल्या ५०६ जणांच्या मापांवरून ते बसवलेले आहे. ती मंडळी मुख्यतः युरोपीय वंशाची. त्याआधी मिशिगन विद्यापीठातील मॉयर्स यांची कोष्टके वापरात होती, आजही आहेत. चार दातांची बेरीज शोधायची आणि त्याखालची रांग वाचायची, पंचांगासारखी. मॉयर्स यांनी निरनिराळ्या पातळ्यांचे आकडे दिले. त्यातली ७५ टक्क्यांची पातळी व्यवहारात घेतात. तिचा अर्थ असा की, तेवढ्याच बेरजेच्या शंभर मुलांपैकी पंचाहत्तरांचे दात त्या आकड्याएवढे किंवा त्याहून लहान निघतील. तनाका-जॉन्स्टन यांचे सूत्रही जवळपास याच पातळीवर आहे. म्हणजे अंदाज मुद्दाम थोडा सैल ठेवलेला आहे. वाढत्या मुलाचा सदरा शिवताना शिंपी शिवणीत थोडे कापड दाबून ठेवतो तसा. जागा थोडी उरली तर चालते. कमी पडली तर दात एकमेकांवर चढतात.

आता चूक किती? एका बाजूच्या तीन दातांमागे साधारण पाऊण-एक मिलिमीटर इकडे-तिकडे होणे हे अगदी नेहमीचे. क्वचित त्याहून जास्त. पुढच्या दातांची रुंदी आणि मागच्यांची रुंदी यांचे नाते घट्ट आहे, पण सख्ख्या भावांइतके नाही, चुलत भावांइतके म्हणू या. आणि दुसरे असे की क्लीव्हलंडच्या मुलांचे माप विदर्भाच्या मुलांना जसेच्या तसे लावणे योग्य नाही. काटोलच्या शेतातला तुकडा कापून सिरोंच्याच्या धानाचा अंदाज कोणी केला असता, तर आमच्या साहेबांनी कागद तोंडावर फेकला असता. आपल्याकडच्या संशोधकांनी ही शंका वेळीच घेतली. बेळगावच्या शाळकरी मुलांवर मॉयर्स यांची कोष्टके तपासणारा अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. पंजाबातही अशा तपासण्या झालेल्या आहेत. भारतातील पुष्कळशा अभ्यासांचा रोख असा की परदेशी कोष्टकांनी येणारा आकडा आपल्या मुलांच्या खऱ्या दातांपेक्षा थोडा मोठा निघतो. मुलींच्या बाबतीत हे जरा अधिक, कारण मुलींचे दात मुलांपेक्षा किंचित लहान असतात आणि तनाका-जॉन्स्टन यांचे सूत्र मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. म्हणून जाणता डॉक्टर त्या आकड्याला आज्ञा मानत नाही. तो सोबत क्ष-किरण चित्र पाहतो, आईवडिलांचे दात पाहतो, चेहऱ्याची ठेवण पाहतो.

क्ष-किरण चित्राचा आग्रह आपणही धरावा, असे मी म्हणेन. कारण सूत्राला नसलेला दात दिसत नाही. खालची दुसरी उपदाढ काही जणांच्या जबड्यात मुळात तयारच होत नाही. सूत्र बिचारे तिचीही रुंदी सांगत बसते. अशा मुलाची दुधाची दाढ तर सोन्याच्या मोलाची, कारण तिच्या जागी येणारे कोणीच नाही. चित्रात सावली थोडी मोठी उमटते, हे खरे. तेव्हा त्याच चित्रात दिसणाऱ्या दुधाच्या दाताचे तोंडातले खरे माप घेऊन, त्या प्रमाणात आतल्या दाताचे माप कमी करून घेतात. त्रैराशिक आहे, आपल्या पिढीला चौथीत शिकवलेले.

आपल्यापैकी ज्यांनी कवळी बसवून घेतली आहे, त्यांना हा उलटा-सुलटा अंदाज नवा नसावा. माझ्या तोंडात एकही दात उरला नव्हता तेव्हा कवळी करणाऱ्यांपुढे प्रश्न होता की गेलेले दात किती रुंद होते. त्यांनी नाकपुड्यांची रुंदी मोजली. नाकपुड्यांच्या कडांवरून खाली ओळंबा सोडला तर तो साधारण सुळ्यांपाशी येतो, असा त्यांच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. दुसरा ठोकताळा असा की वरचा मधला दात चेहऱ्याच्या रुंदीच्या सोळाव्या हिश्श्याएवढा असतो. शेवटी त्यांनी तरुणपणीचा, दात दिसणारा फोटो मागितला. आता आमच्या काळी लग्नाच्या फोटोत नवरदेवाने हसणे म्हणजे अमर्यादाच. सगळा अल्बम धुंडाळला तरी मी ओठ मिटूनच बसलेला. अखेर सेवाग्रामच्या एका सहलीतला फोटो सापडला, त्यावर काम भागले. माझ्या तोंडात जे होते ते ठरवायला चेहरा लागला, आणि नातीच्या तोंडात जे येणार आहे ते ठरवायला चार दात पुरले.

आता त्या किडलेल्या दाढेकडे वळू. मोजणीचा खरा उपयोग इथे कळतो. लागणारी जागा २१.८. उपलब्ध जागा किती? खालच्या बाजूचा दुधाचा सुळा आणि दुधाच्या दोन दाढा यांनी व्यापलेली जागा मोजली तर ती २३.५ भरली. म्हणजे येणारे तीन दात जाणाऱ्या तिघांपेक्षा एकूण लहान. आपल्याला वाटते की कायमचे दात नेहमी मोठेच असतात. पुढचे असतात, पण दाढांच्या जागी येणाऱ्या उपदाढा लहान असतात. मागची दुधाची दाढ जवळजवळ दहा मिलिमीटर रुंद असते आणि तिच्या जागी येणारी उपदाढ सातच्या आसपास. ही जी उरणारी सवड, ती अमेरिकेतील नान्स यांनी १९४७ साली मोजून दाखवली. खाली प्रत्येक बाजूला सरासरी १.७ मिलिमीटर, वर ०.९. नातीची सवडही बरोबर १.७ निघाली. दोन्ही बाजू मिळून ३.४. तिचे पुढचे चार दात किंचित दाटीवाटीने आलेले होते, त्यांना ओळीत बसायला दोन मिलिमीटर हवेत. शिल्लक १.४. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी. एवढ्याच शिलकीवर पुढे तारा लागणार की नाही, चांगले कायमचे दात काढावे लागणार की नाही, हे टांगलेले होते.

आणि दाढ काढली असती तर? तिच्या लगेच मागे सहाव्या वर्षी आलेली कायमची दाढ असते. तिला पुढे सरकण्याची मोठी हौस. पुढची जागा रिकामी दिसली की ती कलंडत, घसरत पुढे येते. रेल्वेच्या डब्यात कोणी पाणी प्यायला उठावे आणि शेजाऱ्याने पथारी पसरावी, तसे. ती दोन-तीन मिलिमीटर सरकली तरी १.४ची शिल्लक संपून उधारी सुरू होते. मग उपदाढेला यायला जागाच नाही. ती अडकते, किंवा जिभेच्या बाजूने वाकडी उगवते. इतकेच काय, दोन दाढांच्या मधल्या भिंतीवर कीड लागून दाढ झिजली, तरी तेवढ्याने मागची पुढे सरते. म्हणून दुधाच्या दाढेची कीड भरून घेणे म्हणजे केवळ दुखणे थांबवणे नव्हे, ती जागेची राखण आहे.

डॉक्टरबाईंनी दाढेच्या नसेवर उपचार करून वर स्टीलची टोपी बसवली. नात तिला 'चांदीचा दात' म्हणते आणि पाहुण्यांना तोंड उघडून दाखवते. वहिनी आधी नाराज होत्या. मी त्यांना तो कागद दाखवला. त्या चष्मा लावून बराच वेळ आकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे वावराचा धुरा राखल्यासारखं आहे हे." मला स्वतःला यापेक्षा नेमके सांगता आले नसते. विदर्भात धुऱ्यापायी किती पिढ्या कोर्टात गेल्या, हे आमच्या खात्याला विचारावे.

प्रत्येक दाढ वाचतेच असे नाही, हेही आपल्याला माहीत असावे. पू झालेली, मूळ खाल्ले गेलेली दाढ काढावीच लागते. तेव्हा "काढा" म्हणण्याबरोबर "जागा राखायला काही बसवणार का?" एवढे विचारावे. मागच्या दाढेभोवती कडे आणि त्याला पुढे तारेचा फास, असे एक साधे साधन असते. ते मधली जागा धरून ठेवते. दोन्ही बाजूंची सवड जपायची असेल तर खालच्या दातांच्या आतून एक बारीक तार बसवतात. दोन्हीही अधूनमधून तपासून घ्यावी लागतात, कारण मुले चिक्की, चणे खातात आणि कडे सैल होते. खर्चाची अडचण असेल तर मेडिकलच्या परिसरात १९६८पासून शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, हिंगण्याच्या रस्त्यावर दंत महाविद्यालये आहेत. तिथे रांगेत बसावे लागते. पण रांगेत बसण्याचा सराव आपल्या पिढीइतका कोणाला आहे?

एक घोटाळा मी अनेक घरांत पाहिला आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. सहाव्या वर्षी सर्वांत मागे जी दाढ येते, ती कोणताही दात पडल्याशिवाय येते. त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते आणि जन्मभर पुरायची असते. तिच्या माथ्यावर खोल घळी असतात, त्यांत अन्न अडकते. मूल सहाचे झाले की संध्याकाळी उजेडात तोंड उघडायला लावून प्रत्येक बाजूला पुढून मागे मोजत जा. पाच दुधाचे दात आणि त्यामागे सहावी, तर ती हीच. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मुलांचा हात ब्रश नीट फिरवण्याइतका तयार होत नाही, म्हणून रात्रीचा ब्रश आपण फिरवावा. आपला हात थरथरत असेल तर मुलाला मांडीवर डोके ठेवून निजवावे, म्हणजे कोपर टेकते आणि आतले दिसतेही. दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांना एकदा सात वर्षांच्या सुमारास दाखवावे, अशी अमेरिकेतील त्या तज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. त्या वयात तारा लावायच्या म्हणून नव्हे. तेव्हा खालचे चार दात आणि सहाव्या वर्षीच्या दाढा बहुधा आलेल्या असतात, आणि हिशेब मांडता येतो.

जाताना आधीची क्ष-किरण चित्रे सोबत न्यावीत. मुलाच्या आईवडिलांचे दात कसे आले, कोणाचा एखादा दात आलाच नाही का, हे घरून विचारून जावे. या बाबतीत डॉक्टरांना आपल्याइतकी माहिती दुसरे कोणी देऊ शकत नाही, कारण मुलाच्या बापाचे दुधाचे दात पडताना आपण पाहिलेले असतात. माझ्या मुलाचा वरचा डावा सुळा तेराव्या वर्षापर्यंत आला नव्हता, हे त्याला स्वतःला आठवत नव्हते. मी सांगितले तेव्हा डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतले.

नात आता दहा वर्षांची झाली आहे. दर सहा महिन्यांनी आम्ही धंतोलीला जातो, येताना ती माझ्याकडून उसाचा रस वसूल करते, आणि मी ब्रश केल्याशिवाय झोपू देत नाही म्हणून रुसते. चांदीची दाढ अजून जागेवर आहे. मागच्या महिन्यात खालचा उजवा सुळा पुरता वर आला. डॉक्टरबाईंनी कॅलिपर लावला, ६.६ मिलिमीटर. मी वहीत २१.८मधून ६.६ वजा केले. दोन उपदाढांना १५.२ उरतात. डॉक्टरबाईंच्या मते त्या दोघी मिळून चौदाच्या आसपास निघतील, म्हणजे अंदाज सैलच ठरेल. पहिली उपदाढ पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दिसावी. सुधारित पैसेवारी झाली आहे, अंतिम व्हायची आहे.